प्रकल्पांचा पैसा, रोजगाराचे आकडे आणि संसदेची देखरेख

तुमचा प्रश्न असा आहे: केंद्र सरकार रस्ते, रेल्वे, बंदरे आणि धरणे यांवर दरवर्षी लाखो कोटी रुपये खर्च करते, त्यातून लाखो रोजगार निर्माण झाल्याचेही सांगते, मग हा पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला का आणि सांगितलेले रोजगार खरोखर मिळाले का, हे संसद तपासते का, की गदारोळात आवाजी मतदानाने अंदाजपत्रक मंजूर झाले की विषय संपतो? आणि नागरिकाला हे कुठे पाहता येते? आधी लेखापरीक्षणात आणि पुढे संसदीय समित्यांवरील सदस्यांसाठी टिपणे व प्रश्नावल्या तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी प्रश्नाची फोड केली पाहिजे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पैशाला लेखाशीर्ष असते, मंजुरीचा कागद असतो, धनादेश असतो आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशेब कुठे ना कुठे लिहावाच लागतो. म्हणून पैशाचा माग काढणे किचकट असले तरी शक्य असते. रोजगाराला यातले काहीच नसते. प्रकल्प मंजूर होताना ‘इतके रोजगार मिळतील’ असे वाक्य टिपणात येते. पण रोजगार म्हणजे काय, तो किती काळ टिकायला हवा आणि तो कोण मोजणार, हे बहुतेक वेळा कुठेही लिहिलेले नसते. जे मंजुरीच्या वेळी ठरलेलेच नाही, ते पाच वर्षांनी कोणतीही समिती तपासू शकत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. सभागृहातला गोंधळ हा त्या मानाने दुय्यम मुद्दा आहे.

तरीही सभागृहापासूनच सुरुवात करू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार प्रत्येक मंत्रालयाचा खर्च अनुदान मागणीच्या रूपाने लोकसभेपुढे येतो, आणि अनुच्छेद ११४ खालील विनियोजन कायदा झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. कागदावर हा अधिकार जबरदस्त आहे. प्रत्यक्षात मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात, ज्याला संसदेच्या भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ या दोन वर्षी तर एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न होता संपूर्ण अंदाजपत्रक मंजूर झाले. मागणीची रक्कम कमी करण्याच्या कपात सूचना मांडता येतात, पण बहुमतातले सरकार त्या मंजूर होऊ देत नाही, कारण मंजूर होणे म्हणजे सरकारवरचा अविश्वास मानला जातो. त्यामुळे सभागृहातल्या मतदानाकडे पाहून देखरेखीचा अंदाज बांधू नये. पूर्वी रेल्वेचे अंदाजपत्रक स्वतंत्र असे आणि त्यामुळे निदान एका मोठ्या भांडवली खात्यावर हमखास चर्चा होई. १९२४ पासूनची ती पद्धत २०१७ मध्ये संपली, याची मला वैयक्तिकरीत्या खंत वाटते.

खरे काम समित्यांमध्ये होते. १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत; आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अंदाजपत्रक मांडल्यानंतर अधिवेशनाला जी सुट्टी असते, त्या काळात या समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. एकेका मंत्रालयाला एखाद-दुसरी बैठक मिळते, हे पुरेसे नाही. पण बैठकीआधी पाठवलेल्या लेखी प्रश्नावलीला मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्यातले पुष्कळसे नंतर अहवालात छापले जाते. माझा अनुभव असा की, बैठकीतल्या तोंडी साक्षीपेक्षा या लेखी उत्तरांतून अधिक हाती लागते.

ही उत्तरे कशी वाचायची, हे एका आकड्यावरून दाखवतो. केंद्राच्या भांडवली खर्चाचा २०२४-२५ चा अंदाज ११.११ लाख कोटी रुपये होता. सुधारित अंदाज १०.१८ लाख कोटी झाला. आणि पुढच्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, ११.२१ लाख कोटींची तरतूद मांडली गेली. बातमी तिसऱ्या आकड्याची होते. मी पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातले अंतर आधी पाहतो, कारण जवळपास ९३ हजार कोटी रुपये ज्या कामांवर खर्च व्हायचे होते ती कामे कुठे अडली, हा विचारण्यासारखा प्रश्न असतो. त्यानंतर तिमाहीचा प्रश्न येतो. शेवटच्या तिमाहीत एकूण तरतुदीच्या ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, अशी वित्त मंत्रालयाची मर्यादा आहे, आणि वर्षअखेरची खर्चाची घाई सामान्य वित्तीय नियमांनुसार आर्थिक औचित्याचा भंग मानली जाते. म्हणून डिसेंबरअखेरचा खर्च मागितला की मार्चमध्ये काय होणार आहे ते फेब्रुवारीतच कळते. कुठे निधी व्यपगत होणार, म्हणजे न वापरता परत जाणार, आणि कुठे घाईघाईने एखाद्या महामंडळाच्या खात्यात जमा करून ‘खर्च’ दाखवला जाणार, हे त्यावरून ओळखता येते.

भांडवली खर्च म्हणून दाखवलेली प्रत्येक रक्कम म्हणजे विटा-सिमेंटमध्ये गेलेला पैसा नव्हे, हेही लक्षात ठेवा. केंद्राच्या आकड्यात राज्यांना भांडवली कामांसाठी दिलेली ५० वर्षांची बिनव्याजी कर्जे धरलेली असतात; २०२०-२१ मध्ये १२ हजार कोटींपासून सुरू झालेली ही योजना २०२५-२६ मध्ये दीड लाख कोटींच्या तरतुदीपर्यंत पोहोचली. हे कर्ज दिले गेले म्हणजे केंद्राच्या लेखी खर्च झाला. राज्याने त्यातून पूल बांधला की नाही, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न. शिवाय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण पूर्वी बाजारातून मोठी कर्जे काढत असे. ती वाट बंद होऊन त्याचा खर्च थेट अंदाजपत्रकातून होऊ लागला, तेव्हा अंदाजपत्रकातला रस्त्यांचा आकडा एकदम फुगला; त्यातला काही भाग म्हणजे एका वहीतला खर्च दुसऱ्या वहीत आला एवढेच होते. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना अंदाजपत्रकातली रक्कम आणि सार्वजनिक उपक्रमांची स्वतःची कर्जे यांची बेरीज एकत्र पाहावी. हे तपशील अंदाजपत्रकासोबतच्या कागदांत असतात, फक्त कोणी उघडून पाहत नाही.

आता प्रकल्पांकडे येऊ. माझी पद्धत अगदी साधी आहे: मंजुरीचा मूळ कागद समोर ठेवायचा आणि प्रत्येक नवा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. महामार्ग बांधणीच्या भारतमाला परियोजनेच्या पहिल्या टप्प्याचे उदाहरण घ्या. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ३४,८०० किलोमीटरसाठी ५.३५ लाख कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे किलोमीटरला सरासरी १५.३७ कोटी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामे ८.४६ लाख कोटींना मंजूर झाली होती, म्हणजे किलोमीटरला ३२.१७ कोटी. थोडक्यात, लांबी तीन-चतुर्थांश आणि खर्च दीडपटीहून अधिक. संसदेने कोणत्याही एका वर्षी ही वाढ ‘मंजूर’ केल्याचे तुम्हाला आढळणार नाही, कारण संसद वर्षाची तरतूद मंजूर करते, प्रकल्पाचा एकूण खर्च नव्हे. आपल्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी फट आहे असे मी मानतो. दहा वर्षे चालणाऱ्या कामाला संसद दर वर्षी एकेक हप्ता देते आणि एकूण रक्कम मात्र कार्यकारी यंत्रणेच्या हातात राहते.

याच अहवालातला द्वारका द्रुतगती मार्गाचा भाग त्या वेळी बराच गाजला. आर्थिक व्यवहार समितीने धरलेला किलोमीटरला १८.२० कोटींचा दर आणि प्राधिकरणाने प्रत्यक्षात मंजूर केलेला २५०.७७ कोटींचा दर, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापून अनेकांनी थेट घोटाळ्याचा निष्कर्ष काढला. मंत्रालयाचे म्हणणे असे होते की, १८.२० कोटी ही कार्यक्रमातल्या ‘राष्ट्रीय कॉरिडॉर’ गटाची सर्वसाधारण सरासरी आहे, हा रस्ता मोठ्या प्रमाणात उन्नत, म्हणजे खांबांवरून जाणारा, असून त्यात बोगदाही आहे आणि निविदा अंदाजापेक्षा कमी दराने गेल्या आहेत. दोन्ही बाजू वाचल्यावर माझे मत असे झाले की, दर जास्त आहे की नाही हा अभियंत्यांचा वाद आहे. संसदेने विचारायचा प्रश्न तो नव्हे. संसदेने विचारायचे ते असे की, साध्या महामार्गाऐवजी आठ पदरी उन्नत मार्ग बांधायचे कोणी, केव्हा आणि कोणत्या टिपणाच्या आधारे ठरवले, आणि इतका मोठा बदल मूळ मंजुरी देणाऱ्यांकडे परत का गेला नाही. रकमेवर वाद घालणाऱ्या सदस्याला उत्तर मिळते. निर्णयाची तारीख विचारणाऱ्या सदस्याला फाईल मिळते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही गोष्ट ‘सुप्रमा’ (सुधारित प्रशासकीय मान्यता) या शब्दाने चटकन कळेल. विदर्भातल्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती, १९८८ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि एकामागून एक सुधारित प्रशासकीय मान्यता घेत त्याचा खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. भाववाढ हे त्याचे एक कारण आहेच. पण भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली व्याप्ती आणि रखडलेले कालवे ही प्रत्येक वेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा आहे. सुप्रमाचा प्रस्ताव वाचताना वाढीव रकमेची कारणनिहाय विभागणी मागावी. ती जेव्हा ‘दरसूचीतील बदल व इतर’ अशा एकाच ओळीत येते, तेव्हा समजावे की खाली काहीतरी झाकलेले आहे. अशा प्रकल्पात आणखी एक गुंता असतो: काम राज्याचे, पैसा काही केंद्राचा. संसद केंद्राच्या मदतीपुरते विचारू शकते, बाकीचे विधिमंडळाने विचारायचे. आणि दोघेही समोरच्याकडे बोट दाखवतात. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा होता, आणि त्या मार्गाला लागलेल्या तीन दशकांमागे हे दुहेरीपणही होते.

समितीपुढची साक्ष कशी चालते, ते थोडे जवळून सांगतो. सचिव आणि त्यांच्यामागे ओळीने बसलेले अधिकारी असतात. पडद्यावर सादरीकरण सुरू होते आणि एका रकान्यात भौतिक प्रगती ८२ टक्के, आर्थिक प्रगती ६१ टक्के असे काहीतरी दिसते. (हे आकडे नमुन्यादाखल आहेत.) नवखा सदस्य म्हणतो की काम चांगले चालले आहे. मुरलेला सदस्य विचारतो की राहिलेले १८ टक्के म्हणजे नेमके काय. मग कळते की दोन गावांची जमीन ताब्यात आलेली नाही आणि रेल्वेवरचा उड्डाणपूल सुरूच झालेला नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचा रस्ता तयार असूनही त्यावरून गाडी जाऊ शकत नाही. पुढचा प्रश्न असा असायला हवा की, जमीन हातात नसताना कार्यारंभ आदेश का दिला. कारण कंत्राटदाराला जमीन वेळेत मिळाली नाही की तो नुकसानभरपाईचा दावा लवादात नेतो, आणि तो पैसाही शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातो. उत्तर बहुधा ‘लेखी कळवतो’ असे येते. ते लेखी उत्तर येईपर्यंत मागे लागणारा कोणी असेल, तरच त्या बैठकीला अर्थ राहतो.

लोकलेखा समितीचे काम याच्याही नंतर सुरू होते. १९२१ पासूनच्या या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार संसदेत मांडले गेले की त्यांतले निवडक विषय समिती तपासते. एखाद्या मागणीत १०० कोटी किंवा त्याहून अधिक रक्कम अखर्चित राहिली, तर त्याचे सविस्तर स्पष्टीकरण समितीला द्यावे लागते; मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च झाला, तर समितीने तपासल्यानंतरच तो संसदेकडून नियमित करून घेता येतो. ही शिस्त खरोखर पाळली जाते आणि तिचा धाक खात्यांच्या वित्त शाखांना असतो. मर्यादा अशी की, अहवाल येईपर्यंत निर्णय घेणारे अधिकारी दोन-तीन पदे पुढे गेलेले असतात, समितीची मुदत एका वर्षाची असते आणि शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिफारशींवर काय कार्यवाही केली, हे लोकलेखा समितीला सहा महिन्यांत आणि स्थायी समित्यांना तीन महिन्यांत कळवावे लागते. त्यावरचे ‘कार्यवाही अहवाल’ सर्वांत कंटाळवाणे दिसतात आणि माझ्या लेखी सर्वांत उपयोगाचे असतात, कारण सरकारने काय मान्य केले, काय नाकारले आणि कशावर गुळमुळीत उत्तर दिले, हे त्यांत प्रकरणवार लावलेले असते.

पैशाच्या बाजूचे एवढे सांगितल्यावर रोजगाराकडे वळतो. इथे मात्र मला अधिक कठोर बोलावे लागेल.

पहिली अडचण मोजमापाची. बांधकामाच्या प्रकल्पात रोजगार बहुधा मनुष्यदिवसांत सांगितला जातो. एक कोटी मनुष्यदिवस म्हटले की एक कोटी लोकांना काम मिळाल्याचा भास होतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर तो सुमारे ३३ हजार माणसांचा एका वर्षाचा रोजगार असतो, आणि तीन वर्षे चाललेल्या कामात साधारण ११ हजार माणसांचा. आकडा खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याचा समज चुकीचा होतो आणि तो दुरुस्त करण्याची घाई कोणाला नसते. त्यात ‘अप्रत्यक्ष’ रोजगार मिसळला की परिस्थिती आणखी बिघडते. सिमेंट कारखान्यातला कामगार हा रस्त्याच्या खात्यातही मोजला जातो, घरबांधणीच्या खात्यातही आणि उद्योग मंत्रालयाच्या आकड्यातही. अशा आकड्यांमागे बहुधा एक गुणक असतो: इतक्या कोटींच्या खर्चामागे इतके रोजगार. खर्च वाढला की गुणकाने रोजगार आपोआप वाढतो, मग काम रखडून महाग झालेले का असेना. म्हणून मी सदस्यांना नेहमी सुचवतो की, आकडा मोजून आला आहे की गुणाकाराने, हे आधी विचारा. या एका प्रश्नाने निम्मी चर्चा मिटते.

दुसरी अडचण बांधिलकीची. २०२२ च्या अंदाजपत्रकीय भाषणात उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेच्या १४ क्षेत्रांत ६० लाख नवे रोजगार निर्माण होण्याची क्षमता असल्याचे सांगितले गेले. ही शक्यता वर्तवली होती. कंपनीला प्रोत्साहनाची रक्कम मिळते ती मुख्यतः गुंतवणूक आणि विक्री किंवा उत्पादनातल्या वाढीच्या निकषांवर. मग रोजगार कमी झाले तरी रक्कम देण्यात अनियमितता ठरत नाही आणि लेखापरीक्षकाला आक्षेप घेता येत नाही, कारण नियमभंगच झालेला नसतो. त्या योजनेने रोजगार दिले नाहीत असे मला म्हणायचे नाही. ते तपासण्याची कडी योजनेच्या नियमांतच घातलेली नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच्या तुलनेत २०२५ मध्ये मंजूर झालेली, ९९,४४६ कोटींची आणि साडेतीन कोटी रोजगारांचे उद्दिष्ट असलेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना तपासण्याच्या दृष्टीने अधिक सोयीची आहे. तिच्यात मालकाला रक्कम मिळण्यासाठी, ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन आणि ५० किंवा अधिक असतील तर किमान पाच जादा माणसे घेऊन ती किमान सहा महिने टिकवावी लागतात, आणि पडताळणी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून होते. व्याख्या आहे, तुलनेसाठी आधाररेषा आहे, कालावधी आहे. म्हणजे लेखापरीक्षकाला हात घालायला जागा आहे. दोन प्रश्न तरीही उरतात. मालकाने ती माणसे अनुदान नसते तरी घेतलीच असती का? आणि आधी नोंद नसलेला कामगार आता निधीच्या नोंदीत आला, तर तो नवा रोजगार की जुन्याच रोजगाराची नवी नोंद? नोंद होणे कामगाराच्या भल्याचेच आहे, पण त्याला रोजगारनिर्मिती म्हणणे हिशेबात चुकीचे आहे. २०१८ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना जे मासिक आकडे प्रसिद्ध करते, ते वाचतानाही हीच काळजी घ्यावी लागते. देशभरातला रोजगार खरोखर वाढला का, हे पाहायचे तर २०१७-१८ पासून सुरू असलेले नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण आहे. पण त्यातून एखाद्या विशिष्ट महामार्गाचा किंवा योजनेचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

रोजगाराचा हिशेब नीट मागता येतो, याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला, तिच्यासाठी व्यवसाय कराचा पैसा बाजूला ठेवला गेला आणि विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती नेमली गेली, जी जिल्ह्यांत जाऊन कामे पाहते. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे १०० दिवस, मजुरी व साहित्याचे ६०:४० प्रमाण आणि ग्रामसभेमार्फत सामाजिक लेखापरीक्षण या गोष्टी कायद्यातच लिहिल्या. त्या योजनेत खोटे मस्टर निघाले, मजुरी थकली, हे सगळे झाले. पण ते उघडकीस येऊ शकले, कारण प्रत्येक दिवसामागे हजेरीपटावर एक नाव होते आणि ते नाव गावात कोणी तरी ओळखत होते. मोठ्या भांडवली प्रकल्पांत अशी नावनिशीवार नोंद कंत्राटदाराकडे असते, भविष्य निर्वाह निधीच्या आणि विम्याच्या चलनांमध्ये असते, फक्त मंत्रालय ती गोळा करत नाही. देयक मंजूर करताना ती मागायची एवढा एक नियम केला, तर प्रकल्पनिहाय रोजगाराचा आकडा गुणकाशिवाय मिळू शकेल. उपकंत्राटदारांकडची माणसे त्यातून निसटतील, हे मला मान्य आहे. तरी आजच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी बरे.

आतापर्यंतचे सार असे: सभागृहातली मंजुरी वर्षाच्या रकमेची असते, प्रकल्पाची नसते, खरी तपासणी समित्यांच्या लेखी कागदांत आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांत होते, आणि रोजगाराची तपासणी योजनेच्या नियमांत रोजगाराची व्याख्या घातलेली असेल, तरच होते.

यातले किती साध्य होईल, हे परिस्थितीवर अवलंबून असते. समितीचा अध्यक्ष चिकट असेल तर सत्ताधारी सदस्यही बंद दाराआड सचिवांना फैलावर घेतात, कारण तिथे कॅमेरा नसतो आणि पक्षाचा व्हिप चालत नाही. अध्यक्ष उदासीन असेल तर तीच समिती मंत्रालयाच्या टिपणावर शिक्का मारून मोकळी होते. सरकार आघाडीचे असेल तेव्हा अहवालांची भाषा धारदार होते असे मी पाहिले आहे, पण त्याचा नियम करता येणार नाही. संरक्षणासारख्या खात्यांत माहिती मिळण्यालाच मर्यादा असतात. आणि खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांत सरकारचा खर्च आज दिसत नाही, वीस वर्षे द्यावयाच्या हप्त्यांत आणि हमींत दडलेला असतो. तिथे आपल्या समित्या अजून फारशा पोहोचलेल्या नाहीत.

नागरिकाला हे कुठे दिसते, हा तुमचा शेवटचा प्रश्न. १५० कोटी रुपये आणि त्यावरील केंद्रीय प्रकल्पांची मूळ किंमत, वाढलेली किंमत, मूळ तारीख आणि नवी तारीख सांख्यिकी मंत्रालयाच्या नियमित अहवालांत छापली जाते. तुमच्या भागातला प्रकल्प तिथे आधी शोधा. रेल्वेचा असेल तर अंदाजपत्रकासोबतच्या ‘पिंक बुक’मध्ये त्या मार्गाला यंदा किती दिले ते एका ओळीत सापडते, आणि शेकडो कोटींच्या कामापुढे एखादी हजाराची नाममात्र तरतूद दिसली की ते काम यंदा हलणार नाही हे समजते. स्थायी समितीचा त्या मंत्रालयावरचा ताजा अहवाल आणि त्याच्या आदल्या वर्षीचा कार्यवाही अहवाल एकत्र वाचा.

मग तुमच्या खासदाराला लिहा, पण ‘आमच्या भागातल्या रस्त्याचे काय झाले’ असे लिहू नका. त्याला ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढेच उत्तर येते. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नासाठी मसुदाच तयार करून द्या: मूळ मंजुरीची तारीख व किंमत, प्रत्येक सुधारित मंजुरीची तारीख, ती देणारा अधिकारी आणि कारणनिहाय वाढ, कार्यारंभ आदेशाच्या दिवशी ताब्यात असलेल्या जमिनीची टक्केवारी, लवादात प्रलंबित दाव्यांची रक्कम, आणि कंत्राटदाराने भविष्य निर्वाह निधी भरलेल्या कामगारांची वर्षनिहाय संख्या. लोकसभेत दिवसाला २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, त्यामुळे असा प्रश्न लागण्याची शक्यता सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या तारांकित प्रश्नापेक्षा बरीच जास्त असते, आणि उत्तर लेखी असल्यामुळे ते कायमचे नोंदीत राहते. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून ती सभापटलावर ठेवली जाईल’ असे आले, तर निराश होऊ नका. संसदेच्या नियमांत ते आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत ते पुरे करायचे असते आणि न झाल्यास आश्वासन समिती त्या मंत्रालयाला बोलावू शकते. त्या उत्तराची तारीख आणि प्रश्नक्रमांक टिपून ठेवा, आणि तीन महिने उलटले की खासदारांच्या कार्यालयाला त्याच क्रमांकाने पुन्हा पत्र लिहा.